किरकोळ फेरबदल – पण कोणासाठी किरकोळ?

वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, टेंडरच्या नोटिसा आणि नाव बदलल्याच्या जाहिराती यांच्या मधल्या जागेत, बारीक टाइपात एक सूचना छापून येते. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६, कलम ३७ अशी तिची सुरुवात असते. पुढे मौजे, तालुका, सर्व्हे नंबर, हिस्सा नंबर. मग अमुक जमीन अमुक आरक्षणातून वगळून रहिवास किंवा वाणिज्य विभागात घालण्याचे योजिले आहे, असे एक लांबलचक वाक्य. आणि शेवटी, कोणाची हरकत असल्यास एक महिन्याच्या आत लेखी कळवावी.

ही सूचना कोण वाचतो? जमिनीचा मालक वाचतो, कारण बहुतेक वेळा तीच त्याची मागणी असते. बिल्डरचा माणूस वाचतो, वकील वाचतो. ज्याच्या क्वार्टरशेजारचे मैदान त्या सर्व्हे नंबरात आहे तो ट्रॅकमन त्या वेळी रुळांवर असतो आणि ज्याच्या बीटमध्ये उद्या तीस मजली टॉवर उभा राहणार आहे तो पोस्टमन त्या वेळी जिने चढत असतो. महिना निघून जातो. फाइलवर शेरा पडतो : 'विहित मुदतीत एकही हरकत प्राप्त झाली नाही.' आपले गप्प बसणे सरकारदरबारी संमती म्हणून नोंदवले जाते.

साथींनो, या शेऱ्याविरुद्ध हा लेख आहे. आणि आपल्याच चळवळीतल्या एका समजुतीविरुद्धही आहे. विकास आराखडा हा नगरसेवकांचा विषय, पर्यावरणवाल्यांचा विषय, फार तर घरमालकांचा विषय. आपले काम महागाई भत्ता, वेतन आयोग, पदोन्नती आणि बदल्या, असे आपल्या अनेक शाखांमध्ये आजही मानले जाते. ही समजूत कामगारांना फार महाग पडली आहे. किती महाग, त्याचा हिशेब मांडू.

फेरबदल शिजतो कसा

आधी कायदा काय म्हणतो ते पाहू, कारण ज्याला कायदा ठाऊक नाही त्याला कचेरीतला कारकूनसुद्धा परत पाठवतो.

शहराचा विकास आराखडा म्हणजे शहरातली प्रत्येक जमीन कशासाठी वापरायची याचा नकाशा आणि त्यासोबतची नियमावली. शाळा, दवाखाना, मैदान, बाजार, रस्ता, रेल्वे, सरकारी इमारती या सगळ्यांसाठी जागा राखून ठेवायची ती या नकाशात. आराखड्यात काय असावे हे सांगणाऱ्या कलम २२ मध्ये दळणवळणाच्या साधनांत रेल्वेचा नावाने उल्लेख आहे. हा आराखडा करताना आधी आहे त्या भूवापराचे सर्वेक्षण होते, मग प्रारूप प्रसिद्ध होते, लोकांच्या हरकती येतात, नियोजन समिती सुनावणी घेते आणि शेवटी राज्य सरकार मंजुरी देते. या सगळ्यात वर्षे जातात. वीस वर्षांतून निदान एकदा आराखड्याची सुधारणा झाली पाहिजे, असे कलम ३८ सांगते.

मोठा दरवाजा हा असा आहे. कलम ३७ ही त्या वाड्याची मागची खिडकी. आराखड्याचे मूळ स्वरूप बदलणार नाही, असा फेरबदल असेल तर नियोजन प्राधिकरण, म्हणजे महापालिका किंवा नगरपरिषद, राजपत्रात सूचना काढते, एक महिना हरकती मागवते, बाधितांना नोटीस देते, सुनावणी घेते आणि प्रस्ताव सरकारकडे पाठवते. सरकार नगररचना संचालकांचा सल्ला घेऊन मंजुरी देते. सरकारने महापालिकेला असा फेरबदल करण्याचा आदेश दिला तर तिला साठ दिवसांत सूचना काढावीच लागते. तिने काढली नाही तर सरकार स्वतः काढते. आणि पोटकलम १-अअ अन्वये, सार्वजनिक हिताच्या दृष्टीने तातडी आहे असे सरकारला वाटले तर महापालिकेच्या ठरावाची वाट न पाहता मंत्रालयातूनच थेट सूचना निघते.

खिडकी असणे यात गैर काही नाही. नकाशावर रस्त्याची आखणी एखाद्या जुन्या देवळावरून गेली असेल, ओढा चुकीच्या जागी दाखवला असेल, तर ती चूक दुरुस्त करायला वीस वर्षे थांबावे असे कोणीही म्हणणार नाही. पण या खिडकीतून आज काय काय आत-बाहेर जाते? मैदानाचे आरक्षण जाते, हरित पट्टा जातो, औद्योगिक जमीन वाणिज्य होते, चटई क्षेत्र वाढते. प्रत्येक वेळी कागदावर लिहिलेले असते की यामुळे आराखड्याचे स्वरूप बदलत नाही. एका मैदानाने बदलत नाही हे खरे. पण अशी दहा मैदाने दहा निरनिराळ्या सूचनांनी गेली, की त्या दहांची बेरीज करून दाखवणारी अकरावी सूचना कोणी काढत नाही.

गिरणगावचा धडा

ज्यांना वाटते की हा वाद कागदी आहे, त्यांनी गिरणगावाकडे पाहावे.

१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या कापड गिरण्यांतला संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखालच्या त्या संपाविषयी आपल्यात मतभेद असतील. पण संपानंतर गिरण्यांच्या जमिनींचे काय झाले यावर मतभेद असण्याचे कारण नाही. १९९१ साली मुंबईची नवी विकास नियंत्रण नियमावली आली. तिच्या ५८ क्रमांकाच्या नियमाने ढोबळमानाने तीन वाटे घातले : गिरणीची जमीन मोकळी करून विकायची तर एक वाटा महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक वाटा म्हाडाला सर्वसामान्यांच्या घरांसाठी, आणि उरलेला मालकाला. शहराच्या मधोमध शेकडो एकर जमीन. १९९६ साली चार्ल्स कोरिया यांच्या अध्यक्षतेखाली सरकारने नेमलेल्या अभ्यासगटाने या साऱ्या जमिनींचा एकत्र विचार करून आखणी कशी करता येईल, ते मांडूनही दाखवले.

मालकांनी वाट पाहिली. २००१ साली नियम ५८ मध्ये फेरबदल झाला. जनतेच्या वाट्याचे माप यापुढे सबंध जमिनीवरून न घेता फक्त त्या वेळी बांधकामाशिवाय मोकळ्या असलेल्या जमिनीवरून घ्यायचे, असे ठरले. गिरणी म्हणजे मुळात शेडच्या शेड. मोकळी जमीन असणार ती किती? शेडखालची जमीन वाटपातून सुटली, आणि मैदानांचा व घरांचा वाटा आक्रसून गेला.

हा बदल कोणत्या मार्गाने आला? कलम ३७ च्या मार्गाने, आराखड्याचे स्वरूप न बदलणारा फेरबदल म्हणून! ऑक्टोबर २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने जनतेच्या बाजूने निर्णय दिला. मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवून २००१ चा बदल वैध ठरवला. मालक आणि सरकार यांचे म्हणणे होते की जुन्या नियमाखाली मालक पुढेच येत नव्हते, म्हणून कामगारांची देणी अडकून पडली होती. कामगारांची देणी द्यायची म्हणून कामगारांच्याच घरांची जमीन कमी करायची, असा हा न्याय. गिरणी कामगारांच्या घरांची पहिली मोठी सोडत निघायला जून २०१२ उजाडला. घरे होती ६,९२५. अर्जदार होते सुमारे दीड लाख. त्या रांगेतले कित्येक जण नंबर लागण्याआधीच हे जग सोडून गेले. उरलेल्यांपुढे अलीकडे शेलू आणि वांगणीकडची घरे ठेवण्यात आली, आणि मुंबईतच घर द्या म्हणून म्हाताऱ्या कामगारांना पुन्हा रस्त्यावर यावे लागले. मध्य रेल्वेच्या साथींना शेलू परळपासून किती स्टेशने लांब आहे ते सांगायला नको.

आता स्वतःला विचारा. १९८२ मध्ये अडीच लाख लोक संपावर गेले. २००१ च्या त्या सूचनेवर कामगार संघटनांच्या लेटरहेडवर किती हरकती गेल्या असतील? संप मोडण्यात जेवढे गेले, त्याहून जास्त नंतर एका नियमाच्या दुरुस्तीत गेले असेल, तर त्या दुरुस्तीकडे पाठ फिरवणे आपल्याला परवडेल काय?

पुलावरची माणसे

गिरण्या आपल्या नव्हत्या, असे कोणी म्हणेल. ठीक. पण त्या गिरण्यांच्या जागी जे उभे राहिले, ते कोणाच्या स्टेशनावर उतरले?

गिरणी कामगार गिरणीच्या आसपासच्या चाळींत राहत होता. पाळीला चालत जात होता. त्या जागी ऑफिसांचे टॉवर आले. तिथे काम करणारा माणूस कल्याण, विरार, पनवेलहून गाडीने येतो. जमिनीचा वापर बदलला तशी माणसांची ये-जा बदलली, आणि तो सारा भार परळ, लोअर परळ, एल्फिन्स्टन रोड, करी रोड या जुन्या, अरुंद स्टेशनांवर आला. जमिनीच्या वापराला परवानगी देणारी कचेरी वेगळी आणि पूल बांधणारी कचेरी वेगळी. फेरबदलाच्या फाइलमध्ये स्टेशनाच्या जिन्याची रुंदी कोणी मांडली नाही.

२९ सप्टेंबर २०१७ रोजी सकाळी पाऊस आला, आणि एल्फिन्स्टन रोड–परळच्या पादचारी पुलावर चेंगराचेंगरी होऊन २३ माणसे मेली. पूल अरुंद होता, गर्दी थांबून राहिली होती, ही तात्कालिक कारणे झाली. ती गर्दी तिथे आणणारे कारण सोळा वर्षांपूर्वी एका नियमाच्या दुरुस्तीत घातलेले होते. अशा वेळी शिव्या कोण खातो? फलाटावरचा पॉइंट्समन, तिकीट तपासनीस, स्टेशन मास्तर. ज्यांनी जमिनीचा वापर बदलला त्यांचे नाव कोणाच्या तोंडी नसते.

टपालातही तेच आहे, फक्त तिथे माणसे पुलावर मरत नाहीत म्हणून बातमी होत नाही. दोन मजली चाळी पाडून टॉवर उभा राहतो. घरांची संख्या कित्येक पट होते. बीट मात्र तेच, पोस्टमन तोच, आणि भरती बंद. वॉचमन आत सोडत नाही, लिफ्ट वापरू देत नाही, आणि पत्र परत आले तर मेमो पोस्टमनला. चटई क्षेत्र वाढवणारा आदेश काढताना त्या भागातल्या टपाल कर्मचाऱ्यांच्या मंजूर पदांचा विचार कोणीही करत नाही. तो करायला लावणे हे युनियनचे काम नाही, तर मग कोणाचे?

आपलीच जमीन, आपलेच क्वार्टर

आता घरातल्या गोष्टीकडे वळू. भारतीय रेल्वेकडे देशभर सुमारे ४.८ लाख हेक्टर जमीन आहे. शहरांच्या मधोमध असलेल्या कॉलन्या, यार्ड, वर्कशॉप, इन्स्टिट्यूटची मैदाने, रेल्वे शाळा आणि दवाखाने हे सारे त्यात आले. २००५ साली रेल्वे कायद्यात दुरुस्ती करून रेल्वे भूमी विकास प्राधिकरण स्थापण्याची तरतूद झाली आणि पुढच्या वर्षी ते अस्तित्वात आले. रेल्वेच्या जमिनीतून भाडेपट्ट्याने पैसा उभा करणे हे त्याचे काम. त्याच दुरुस्तीने जमीन व्यापारी वापरासाठी विकसित करण्याचा अधिकार रेल्वे प्रशासनाला मिळाला. सप्टेंबर २०२२ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने जमीन भाड्याने देण्याच्या धोरणात बदल करून मालवाहतूक टर्मिनलसाठीचा वार्षिक दर जमिनीच्या बाजारभावाच्या सहा टक्क्यांवरून दीड टक्क्यावर आणला आणि मुदत पस्तीस वर्षांपर्यंत नेली.

रूळ टाकायला, सिग्नल उभारायला स्थानिक आराखड्याची आडकाठी येऊ नये म्हणून रेल्वे कायद्यात कलम ११ आहे, आणि ते योग्यच आहे. पण क्वार्टर पाडून खासगी बांधकाम उभे करायचे म्हटले, की बहुतेक ठिकाणी जमिनीचा वापर बदलण्याचा प्रश्न येतो आणि कागद महापालिकेकडे व राज्य सरकारकडे जातो. म्हणजे आपल्या मालकाला, रेल्वे प्रशासनाला, तीच मागची खिडकी लागते. तिथे आपण उभे असलो पाहिजे.

क्वार्टर म्हणजे काय, हे रेल्वे कामगाराला १९७४ ने शिकवले आहे. मे १९७४ च्या संपात सरकारने जी हत्यारे वापरली, त्यांत कामगारांच्या बायकामुलांना क्वार्टरमधून बाहेर काढणे हे एक होते. ज्याच्या डोक्यावर छप्पर आहे तो संपात तग धरतो, हे सरकारला तेव्हाही कळत होते. आज पोलीस पाठवावे लागत नाहीत. 'जीर्ण' असा शेरा मारायचा, दुरुस्ती थांबवायची, रिकामी झालेली खोली पुन्हा वाटायची नाही, आणि निम्मी कॉलनी ओस पडली की जमीन 'अतिरिक्त' ठरवायची. मग फेरबदलाची सूचना निघते तेव्हा हरकत घ्यायला तिथे कोणी राहिलेलेच नसते.

पुनर्विकासाला आमचा सरसकट विरोध आहे काय? नाही. गळक्या छपराखाली राहण्यात कसले आले क्रांतिकारकत्व! पण नवे क्वार्टर किती, कोठे, आणि कोणाच्या आधी, हे लेखी आल्याशिवाय एकाही कॉलनीचा भूवापर बदलू देता कामा नये. आधी कामगाराची इमारत, मग विक्रीची इमारत, हा क्रम फेरबदलाच्या अटीतच लिहून घ्यावा लागतो. मागाहून दिलेली आश्वासने कोणत्या फाइलला लागतात ते आपण सारे जाणतो.

टपाल कार्यालयाचे आरक्षण कोठे गेले?

आपल्या टपाल साथींसाठी एक मुद्दा विशेष महत्त्वाचा आहे. अनेक शहरांच्या आराखड्यांत टपाल कार्यालयासाठी, कर्मचारी वसाहतीसाठी भूखंड आरक्षित केलेले असतात. अशा प्रत्येक आरक्षणापुढे ती जमीन कोणी संपादन करायची, त्या खात्याचे नाव असते. कलम १२७ म्हणते, आराखडा अमलात आल्यापासून दहा वर्षांत जमीन घेतली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो; आणि त्यानंतरच्या मुदतीत, जी आता चोवीस महिने आहे, संपादनाची पावले पडली नाहीत तर आरक्षण आपोआप संपते.

खात्याने दहा वर्षांत पैसे मागितले नाहीत, महापालिकेने आठवण केली नाही, मालकाने बरोबर दहाव्या वर्षानंतर नोटीस दिली. नंतर त्याच भागात टपाल कार्यालय भाड्याच्या गाळ्यात, दीडशे फुटांत, तीन काउंटर आणि पोत्यांच्या थप्पीसह. मालक भाडे वाढवतो, खाते कार्यालय दुसऱ्या कार्यालयात विलीन करते, आणि पेन्शन घ्यायला येणारी म्हातारी माणसे दोन बस बदलून जातात. 'तोट्यातले कार्यालय' हा शेरा यायला आणखी किती वेळ लागणार?

म्हणून प्रत्येक विभागीय शाखेने आपल्या शहराचा मंजूर आराखडा काढून टपाल खात्याच्या नावावरची आरक्षणे किती, दहा वर्षे कधी भरतात, नोटीस आली आहे काय, याचा तक्ता केला पाहिजे. जी गोष्ट खात्याच्या इस्टेट शाखेने करायची ती आपण का करायची, असे विचारू नका. खात्याला जमीन गेल्याचे दुःख नाही. ते आपल्याला आहे.

महाराष्ट्राबाहेरच्या साथींना

हे अंक इंदूर, बडोदे, हुबळी, बेळगाव, सिकंदराबाद, दिल्ली येथल्या मराठी साथींकडेही जातात. त्यांनी हे महाराष्ट्राचे गाऱ्हाणे समजू नये. प्रत्येक राज्याच्या कायद्यात अशी खिडकी आहे. मध्य प्रदेशच्या १९७३ च्या नगर तथा ग्राम निवेश अधिनियमात ती कलम २३-क मध्ये आहे, कर्नाटकाच्या १९६१ च्या कायद्यात कलम १४-अ मध्ये, दिल्लीच्या १९५७ च्या कायद्यात कलम ११-अ मध्ये.

दिल्लीतच २०१८ साली व्यापारी वापराला सवलत देणाऱ्या मास्टर प्लॅनच्या दुरुस्त्या आणताना हरकतींसाठी जेमतेम तीन दिवस देण्यात आले. तीन दिवस! आपल्याकडे रजेचा अर्ज मंजूर व्हायला याहून जास्त वेळ लागतो. मार्च २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या दुरुस्त्यांना स्थगिती दिली.

गोव्याचे उदाहरण तर आणखी बोलके आहे. २००६ साली अधिसूचित झालेला तिथला प्रादेशिक आराखडा लोकांनी उठाव करून २००७ च्या सुरुवातीला रद्द करायला लावला. पुढचा आराखडा गावागावांचे म्हणणे ऐकून करण्यात आला. मग २०२३ मध्ये कायद्यात एक पोटकलम आले : आराखड्यात 'अनवधानाने' राहिलेल्या चुका दुरुस्त करण्याचे. आणि काय चमत्कार पाहा, ही अनवधाने नेमकी अशी निघाली की दुरुस्तीनंतर शेत, बाग, डोंगरउतार यांची वसाहत व्हावी! मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने त्याखालचे नियम रद्द ठरवले. सुट्यासुट्या भूखंडांसाठी असे बदल करून सबंध आराखड्याची मोडतोड करता येणार नाही, असा त्या निकालाचा रोख आहे. ही लढाई लढून जिंकता येते, हे त्यातून दिसते.

'मग आराखडा बदलूच नये काय?'

हा प्रश्न बिल्डर विचारतो तेव्हा त्याकडे दुर्लक्ष करावे. पण आपल्याच निवृत्त साथीने विचारला तर त्याला नीट उत्तर दिले पाहिजे. आपल्यातल्या कितीतरी जणांनी फंडाच्या पैशातून शहराच्या कडेला दोन गुंठे घेतले. घर बांधले. मागाहून कळले की ती जमीन हरित पट्ट्यात किंवा एखाद्या आरक्षणात आहे. त्याला बांधकाम परवाना नाही, कर्ज नाही, नळ नाही. महाराष्ट्रात २००१ साली गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा करावा लागला तो अशाच लाखो लोकांसाठी. अशा साथीला आराखडा पवित्र आहे, असे सांगणे म्हणजे त्याची थट्टा आहे.

आमचे म्हणणे असे की बदल कोणासाठी आणि कोणाच्या जमिनीतून, हे उघड मांडले जावे. दोनशे घरे आधीच उभी आहेत आणि मैदान कागदावरच राहिले आहे, तर घरे नियमित करा. पण त्या मैदानाएवढी जमीन त्याच वॉर्डात दुसरीकडे द्या आणि ती आधी ताब्यात घ्या. याच न्यायाने चाळीस एकरांच्या मालकाला सांगा, की वापर बदलल्याने तुझ्या जमिनीची किंमत जी वाढणार आहे ती तुझ्या कष्टाची नाही. ती रस्ता, पाणी, रेल्वे यांनी, म्हणजे लोकांच्या पैशाने वाढली आहे. त्यातला मोठा वाटा जमिनीच्या रूपाने लोकांना परत दे. आज व्यवहार उलटा चालतो. गुंठेवाल्याची फाइल दहा वर्षे फिरते, चाळीस एकरवाल्याची तातडी सार्वजनिक हिताची ठरते.

शाखांनी काय करावे

ठराव करून पाठवून देणे पुरेसे नाही. प्रत्येक शाखेने पुढील कामे अंगावर घ्यावीत.

पहिले, राजपत्र आणि स्थानिक वर्तमानपत्रातल्या कलम ३७ च्या सूचनांवर लक्ष ठेवण्यासाठी दोन साथी नेमावेत. निवृत्त साथी या कामाला उत्तम. सूचना दिसताच तिची प्रत आरएमएसच्या, टपाल कार्यालयाच्या आणि स्टेशनाच्या युनियन बोर्डावर साध्या मराठीत लिहून लावावी : जमीन कोठली, आज काय आहे, उद्या काय होणार, शेवटची तारीख कोणती.

दुसरे, महिन्याच्या आत लेखी हरकत द्यावी. 'कोणतीही व्यक्ती' हरकत घेऊ शकते, असे कलमच सांगते. आचारसंहितेचे नियम आडवे येतील, या भीतीने केंद्रीय कर्मचारी मागे राहतात. कायद्याने मागवलेली हरकत देणे म्हणजे राजकारण नव्हे. तरीही संकोच वाटत असेल तर संघटनेच्या नावाने द्यावी, आणि कुटुंबीयांनी स्वतंत्रपणे. पोच घेतल्याशिवाय, आवक क्रमांक पडल्याशिवाय कचेरीतून हलू नये.

तिसरे, हरकतीत भावना कमी आणि प्रश्न जास्त असावेत. या बदलामुळे किती लोकसंख्या वाढेल? ती कोणत्या स्टेशनावर उतरेल, आणि तिथल्या पुलाची व फलाटाची रुंदी किती? पाणी कोठून येणार? गेलेल्या आरक्षणाच्या बदल्यात त्याच वॉर्डात कोणती जमीन? गेल्या दहा वर्षांत याच वॉर्डात असे किती फेरबदल झाले? या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर माहितीच्या अधिकारात मागवून हरकतीला जोडावे. बेरीज करणारी अकरावी सूचना सरकार काढत नसेल तर ती आपण काढावी.

चौथे, सुनावणीला जावे. दोनशे हरकती देऊन सुनावणीला दोघेच आले, तर अधिकारी ते दोघेच मोजतो. रजा काढून, ड्युटी बदलून जावे. गाडी सोडायची असते तेव्हा आपण ती वेळेवर सोडतो. इथेही तीच शिस्त हवी.

या साऱ्याने काही होत नाही, असे म्हणणाऱ्यांनी मुंबईच्या आराखड्याचा इतिहास आठवावा. फेब्रुवारी २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रारूपावर हजारो हरकती आल्या. चुका इतक्या उघड्या पडल्या की एप्रिलमध्ये सरकारला ते मागे घ्यावे लागले. सुधारित प्रारूप यायला मे २०१६ उजाडला आणि मंजुरी मिळायला मे २०१८. सारे काही मिळाले असे नाही. पण जिथे लोकांनी वॉर्डावॉर्डात नकाशे पसरून पाहिले, तिथे नकाशा हलला.

साथींनो, पगारवाढीसाठी आपण लढतो, आणि लढत राहू. पण वाढलेल्या पगारातून भाडे आणि रेल्वेचा पास यांवर किती जाते, हे तुमच्या बायकोला विचारा. पगाराच्या टेबलावर मिळवलेले जमिनीच्या टेबलावर काढून घेतले जाते, आणि त्या दुसऱ्या टेबलापाशी आपली खुर्ची रिकामी असते. ती भरा. येत्या महिन्याच्या शाखा-सभेत हा विषय कार्यक्रमपत्रिकेवर घ्या, दोन नावे ठरवा, आणि आपल्या शहरातल्या पहिल्या सूचनेवर पहिली हरकत नोंदवून तिची प्रत मराठी विभागाकडे पाठवा. 'एकही हरकत प्राप्त झाली नाही' हा शेरा यापुढे रेल्वे आणि टपाल कामगारांच्या वस्तीच्या फाइलवर पडता कामा नये.

कामगार एकजूट झिंदाबाद!